अकाली मरण आणि श्रोत्यांची जीभ

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. गल्लीतला भांडखोर म्हातारा गेला, तरी तेरावा होईपर्यंत सगळी गल्ली त्याला 'मनाने चांगला होता हो' असेच म्हणते. एका बाबतीत मात्र हा संकेत सर्रास मोडला जातो. एखादा नामवंत गायक किंवा गायिका ऐन उमेदीत गेली, की तिच्या मरणावर बोलायचा अधिकार आपल्याला तिकिटाबरोबरच मिळाला आहे, असे प्रत्येकाला वाटू लागते. कोणी तिच्या आयुष्याचा पेपर तपासून गुण देतो, कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी त्या मरणालाच देव्हाऱ्यात बसवतो. मयत अजून घरात असते आणि निकाल बाहेर लागलेला असतो.

हे बोलणे वरवर शोकाचे दिसले तरी त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे, असे माझे मत आहे. आपण श्रोते त्या प्रकरणात कुठेच नव्हतो, हे स्वतःला पटवून देण्यासाठी आपण ते बोलतो. आणि या बोलण्याचा त्रास मेलेल्या गायिकेला होत नाही. तो आपल्याच आसपासच्या जिवंत माणसांना होतो.

उदाहरणासाठी मी एमी वाइनहाउस या इंग्रज गायिकेचे मरण घेतो. ते आपल्यापासून दूरचे आहे, म्हणून त्याकडे थंड डोक्याने पाहता येईल. शिवाय त्याची चौकशी रीतसर झालेली आहे, त्यामुळे लोक काय बोलले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येते.

एमीचा जन्म १४ सप्टेंबर १९८३ चा, लंडनच्या उत्तर भागातल्या एका ज्यू कुटुंबातला. घरात जॅझ संगीताचे वेड. विसाव्या वर्षी, २००३ साली, तिची पहिली तबकडी 'फ्रँक' निघाली आणि २००६ साली 'बॅक टू ब्लॅक'. डोळे मिटून ऐकावे तर पन्नाशीची, आयुष्याचे टक्केटोणपे खाल्लेली बाई गात आहे असे वाटावे, आणि डोळे उघडावेत तर समोर विशी-बाविशीतली मुलगी. फेब्रुवारी २००८ मध्ये तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्या रात्री ती अमेरिकेत नव्हतीच. लंडनमधून उपग्रहाच्या साहाय्याने गायली. त्यानंतर साडेतीन वर्षेही झाली नाहीत, तोच २३ जुलै २०११ रोजी कॅम्डेन भागातल्या आपल्या घरी ती मृतावस्थेत सापडली. वय सत्तावीस.

आता लोक काय म्हणाले ते पाहू.

पहिली प्रतिक्रिया न्यायाधीशाची. 'तिने स्वतःच ओढवून घेतले.' एमीच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे नाव 'रिहॅब', म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे जायला साफ नकार देणाऱ्या मुलीचे ते गाणे आहे. साहजिकच, मरणाची बातमी येते न येते तोच त्या गाण्यावरून कोट्या सुरू झाल्या. गेली असती तर वाचली असती, असा सगळ्यांचा सूर. कोटी सोपी होती, तिला टाळी हमखास होती, आणि ती खोटी होती. कारण एमी उपचाराला गेली होती. २००८ च्या आरंभी गेली होती, आणि मृत्यूच्या दोनच महिने आधी, मे २०११ मध्ये, पुन्हा गेली होती. गाण्यातली मुलगी आणि गाणारी मुलगी या दोन वेगळ्या आहेत, हे साहित्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवावे लागत नाही. पण मरणाच्या दिवशी भलेभले ते विसरले.

मृत्यूच्या चौकशीत काय निघाले? तिच्या शरीरात कोणतेही बेकायदा अमली द्रव्य सापडले नाही. सापडली ती दारू: रक्ताच्या १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ८० आहे. म्हणजे मर्यादेच्या पाचपट. आत्महत्येची खूण नव्हती. मृत्यू अनवधानाने ओढवलेला, असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर २०११ मधल्या पहिल्या चौकशीच्या अधिकाऱ्याची पात्रताच पुढे वादात सापडली, म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सगळी चौकशी नव्याने झाली. निष्कर्ष तोच राहिला. मरणाच्या आधी काही आठवडे तिने दारूला स्पर्शही केला नव्हता, हेही त्यात पुढे आले. दारूच्या आजाराची ही एक क्रूर चाल आहे. काही दिवस सोडल्यावर शरीराची सवय मोडते, आणि मग पूर्वीइतकीच घेतली तरी ती झेपत नाही. म्हणजे सुटण्याची धडपड चालू असतानाच माणूस घसरून जातो. त्याखेरीज खाल्लेले उलटून टाकण्याचा जुना मानसिक आजार तिला होता. त्याने तिचे शरीर आधीच पोखरले होते, असे तिच्या भावाने २०१३ साली एका मुलाखतीत सांगितले.

कोणी म्हणेल, 'सज्ञान बाई होती, जबाबदारी तिची नाही काय?' आहे ना. जबाबदारी नाही असे मी म्हणत नाही. पण पथ्य मोडलेल्या मधुमेही माणसाची जबाबदारीही त्याचीच असते. म्हणून त्याच्या तिरडीपुढे आपण साखरेचे विनोद करीत नाही. दारू हा दोष आहे की आजार, हा वाद आपल्या घराघरांत अजून मिटलेला नाही, आणि जोवर तो मिटत नाही तोवर आपण अशा प्रत्येक मरणात पंचनामा सोडून निकालच वाचणार.

दुसरी प्रतिक्रिया भक्ताची. ती दिसायला पहिलीच्या अगदी उलट, पण माझ्या मते अधिक घातक आहे. 'प्रतिभावंत असेच जायचे. ज्योत दोन्ही टोकांनी जळते. सत्तावीस हे वयच तसे.' ब्रायन जोन्स १९६९ साली गेला, जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० साली, जिम मॉरिसन १९७१ साली, कर्ट कोबेन १९९४ साली. सगळे सत्तावीस वर्षांचे. एमीने त्या यादीत नाव घातले, आणि यादी जणू पूर्ण झाल्यासारखे लोक समाधान पावले. आपल्यालाही या हिशेबाची हौस कमी नाही. आपले बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेगाडीखाली गेले, तेव्हा तेही सत्तावीसच वर्षांचे होते! मग त्यांनाही त्या यादीत घालावे काय?

हा आकडा खरेच अपशकुनी आहे का, हे काही संशोधकांनी मोजून पाहिले. डिसेंबर २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांची तबकडी विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली, अशा १,०४६ गायक-वादकांची त्यांनी नोंद घेतली. त्यांपैकी ७१ जण मरण पावले होते. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूचे प्रमाण जेवढे, जवळपास तेवढेच पंचविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षीही निघाले. मात्र विशी-तिशीतल्या या प्रसिद्ध मंडळींचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या सामान्य ब्रिटिश माणसांच्या दुप्पट-तिप्पट निघाले. म्हणजे सत्तावीस हा आकडा निर्दोष सुटला. प्रसिद्धीचा धंदा मात्र सुटला नाही. भक्तमंडळी आकड्याची आरती ओवाळतात, ती मला वाटते याच धंद्याकडे पाहायचे टाळण्यासाठी.

आणि आपल्या मातीतली उदाहरणे तरी काय सांगतात? केशवसुत १९०५ साली, चाळिशीही गाठण्याआधी, इथून जवळच हुबळीत प्लेगने गेले. प्लेग काही कविता वाचून माणूस निवडत नाही. दत्तात्रेय विष्णू पलुसकर १९५५ साली मेंदूच्या तापाने गेले. वय अवघे चौतीस. निर्व्यसनी माणूस, नितळ गाणे. त्यांच्या मरणात ना ज्योत दोन्ही टोकांनी जळली, ना काही. एक आजार झाला आणि हिंदुस्थानी संगीताचे पुढचे तीस-चाळीस वर्षांचे देणे बुडाले, एवढेच. त्यात दंतकथेला जागा नाही, म्हणून असेल कदाचित, पण त्यांच्या अकाली जाण्याबद्दल आपण कुंदनलाल सैगलच्या जाण्याइतके बोलत नाही.

सैगल १९४७ च्या जानेवारीत बेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची दारू ही त्यांच्या गाण्याइतकीच प्रसिद्ध आहे. घेतल्याशिवाय ते गातच नसत, त्या धुंदीतच तो दर्द होता, असे आजही रसिक मान डोलावून सांगतात. पण संगीतकार नौशाद यांनी सांगितलेली हकिगत वेगळी आहे. 'शाहजहान' या १९४६ च्या चित्रपटाच्या वेळी त्यांनी सैगल यांना एक गाणे आधी न पिता गायला लावले, मग पिऊन. दोन्ही ऐकल्यावर न पिता गायलेले गाणेच सरस निघाले आणि स्वतः सैगल यांनाही ते पटले. तोवर उशीर झालेला होता. गाणे दारूतून येते, ही समजूत त्या माणसाच्या भोवतालच्या वाहवा करणाऱ्यांनी जोपासली होती. दाद देताना आपण कशाला दाद देतो, याचे भान सुटले की असे होते.

याच्या उलट उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातलेच आहे. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व. कन्नड आणि मराठी दोघेही ज्यांना आपले म्हणतात आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे, असे जे थोडे लोक आहेत त्यांतले ते एक. वयाच्या विशीतच त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला गेले. गाणे बंद; कित्येक वर्षे अंथरुण. क्षयाने माणूस जायचाच, असे मानण्याचे ते दिवस. त्या काळात ते गेले असते तर? आपण आजही म्हणत बसलो असतो की असला तेजस्वी मुलगा जगायचाच नव्हता. पण स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले, पत्नी भानुमतींनी शुश्रूषेची शर्थ केली, आणि १९५३ साली कुमार पुन्हा मैफलीला बसले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे, १९९२ पर्यंत, ते जगले आणि माळव्याच्या लोकधुनांपासून कबीरापर्यंत जे काही त्यांनी गायले ते सगळे या 'वाचलेल्या' वर्षांतले आहे. अकाली मरण हा प्रतिभेचा दागिना नव्हे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? औषध, हवापाणी, सेवा आणि गप्प बसायची मुभा मिळाली तर प्रतिभावंतही म्हातारा होऊ शकतो!

तिसरी प्रतिक्रिया तराजूवाल्याची. एमी गेली त्याच्या आदल्याच दिवशी, २२ जुलै २०११ ला, नॉर्वेत एका माथेफिरूने ७७ माणसे मारली होती. त्यांतली ६९ ओटोया बेटावर, बहुतेक कोवळ्या वयाची. साहजिकच लोक म्हणू लागले, 'तिकडे इतकी मुले मेली आणि तुम्ही एका गाणारीसाठी रडता?' प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण शोक ही काही रेशनच्या दुकानातली साखर नव्हे, की एकाला दिली तर दुसऱ्याला उरणार नाही. जिच्या आवाजाने माझ्या एखाद्या वाईट रात्री सोबत केली, तिच्यासाठी मला रडू आले तर त्याने नॉर्वेतल्या आईबापांचे काही कमी होत नाही. आणि खरे सांगायचे तर हा तराजू काढणारे लोक बहुधा दोन्हीपैकी कोणासाठीच रडत नसतात.

न्यायाधीश, भक्त आणि तराजूवाला. तिघांच्याही बोलण्यात एक माणूस कुठेच येत नाही: श्रोता.

तो कुठे होता, ते पाहू. एमी जिवंत असताना, ती कधी मरेल त्याची अचूक तारीख ओळखा आणि बक्षीस मिळवा, अशी स्पर्धा इंटरनेटवर कोणीतरी चालवली होती, आणि तारखा पाठवणारे लोकही होते. तिच्या घराबाहेर छायाचित्रकारांचा असा गराडा असे की २००९ साली तिला त्याविरुद्ध कोर्टाचा मनाईहुकूम घ्यावा लागला. ही छायाचित्रे छापली जात, कारण ती विकली जात. आणि विकली जात, कारण आपण पाहत होतो. १८ जून २०११ ला बेलग्रेडला तिचा कार्यक्रम झाला. सुमारे वीस हजार लोक जमलेले. ती उशिरा आली, धड उभे राहवेना, गाण्याचे शब्द आठवेनात, साथीदारांची नावे आठवेनात. लोकांनी हुर्यो उडवली. पैसे भरलेल्या माणसाची निराशा मी समजू शकतो. पण समोर उभी आहे ती आजारी मुलगी आहे, हे ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. त्या रात्रीची चित्रफीत जगभर फिरली आणि करमणूक म्हणून पाहिली गेली. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी ती गेली.

गेल्यावर काय झाले? घरासमोरच्या चौकात फुलांचे, मेणबत्त्यांचे, चिठ्ठ्यांचे ढीग लागले. ते आणणारे लोक ढोंगी होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या फुलांत भरलेल्या बाटल्या आणि सिगारेटीही होत्या. देवाला आवडीचा नैवेद्य दाखवावा तशी, जिने तिचा जीव घेतला तीच वस्तू तिच्या दारात प्रेमाने ठेवली गेली! काहींनी आठवण म्हणून रस्त्याच्या नावाच्या पाट्याच काढून नेल्या. 'बॅक टू ब्लॅक' ब्रिटनमध्ये पुन्हा विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. एका बड्या संगणक कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने तर 'तिची गाणी आमच्याकडून विकत घेऊन तिचे स्मरण करा' अशा थाटाची जाहिरात केली आणि लोक खवळल्यावर माफी मागितली. जाहिरात ओंगळ होतीच; पण दुकानदार गिऱ्हाइकाची नाडी ओळखतो, हेही खरे.

आपण बेळगावकर यात नव्हतो, असे म्हणून सुटता येईल का? वृत्ती तर आपल्याकडेही तीच आहे. संगीत नाटकांच्या काळात आवाज बसलेल्या नटाकडूनही वन्स मोअर वसूल करणारे आपलेच आजोबा होते. आज गाता गाता सूर चुकलेल्या गायकाची फीत मित्राला पाठवून हसणारे आपणच आहोत.

मग श्रोत्याने करावे तरी काय? याचेही एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार हृदयविकाराने गेला, वय शेचाळीस. तो मुख्यतः नट, पण कन्नड चित्रपटांत गातही असे. वडिलांप्रमाणेच त्याचेही नेत्रदान झाले आणि त्या दोन डोळ्यांतून चौघांना दृष्टी मिळाली. पुढचे काही आठवडे कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला रीघ लागली. हृदय तपासून घ्यायला इस्पितळांत रांगा लागल्या. त्या शोकात अतिरेकही झाले, काही चाहत्यांनी जीव दिला, ते कोणीही गौरवू नये. पण दुःख झाले की काहीतरी उपयोगाचे करावे, एवढे हजारो साध्या माणसांना सुचले. तिकडे एमीच्या घरच्यांनीही तिच्या पुढच्याच वाढदिवशी, १४ सप्टेंबर २०११ ला, तिच्या नावाने न्यास सुरू केला. तो व्यसनाच्या तडाख्यात सापडलेल्या तरुणांसाठी काम करतो. निकालपत्र वाचण्यापेक्षा हे किती तरी बरे.

हा लेख मी परदेशी गायिकेच्या श्रद्धांजलीसाठी लिहिलेला नाही. या मासिकाचे वाचक अठरा ते बावीस या वयाचे आहेत, किंवा त्या वयाच्या मुलांना शिकवणारे आहेत. कोणत्याही वसतिगृहात शंभर मुले असली तर त्यांत एखादा तरी असतो, जो जरा जास्त घेतो, किंवा जेवून उठला की गुपचूप ओकून येतो, किंवा चार-चार दिवस खोलीबाहेर पडत नाही. त्याचे टोपणनाव ठरलेले असते, त्याच्यावरचे विनोद ठरलेले असतात. एखादा गायक गेल्याची बातमी येते तेव्हा तोही त्याच टेबलावर बसलेला असतो. आपण म्हणतो, 'पिऊन मेला, चांगले झाले.' तो ऐकतो आणि ठरवतो की आपल्याबद्दल कोणाला काही सांगायचे नाही. आपण म्हणतो, 'कलावंत असाच जळून जायचा.' तो ऐकतो आणि त्याला वाटते, आपलेही बरोबरच चालले आहे. दोन्ही वाक्ये बोलायला आपल्याला अर्धे मिनिट लागते. त्याला ती पुरतात.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी अशी बातमी येईल, आणि ती येणारच, तेव्हा गेलेल्याचे गाणे लावा, पुरते ऐका, रडू आले तर रडा. निकाल देऊ नका आणि आरतीही करू नका. आणि गाणे संपल्यावर टेबलावर कोण गप्प बसला आहे, तेवढे पाहा.